ट्रेलरचा तळ दर पावसाळ्यात मऊ पडतो: ‘ट्रीटेड’ लाकूड घेऊनही का?

गणपतीच्या आधी ट्रेलरचं दार उघडावं तर आतून कुबट वास येतो. दाराजवळ पाय टाकला की फळी दबते. स्क्रू आवळायला जावं तर तो जागच्या जागी फिरत राहतो. मग दिवाळीनंतर मेस्त्रीला बोलावून नवा तळ घालायचा आणि पुढच्या वर्षी तेच. माझ्या ट्रेलरचं हे तीनदा झालं. ट्रेलर घरीच बनवलेला, आठ बाय चारचा, खाली एम. एस.च्या (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाच्या) चौकोनी पाईपचा सांगाडा, वर दोन माणसं झोपतील एवढी खोली. आमचं घर दापोलीहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे समुद्र जवळ आणि वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर.

पहिला तळ साध्या कमर्शियल प्लायचा होता. तो कुजला यात नवल नाही, त्यावर वेळ घालवत नाही. दुसरा आणि तिसरा मात्र ‘ट्रीटेड’ लाकडाचे होते आणि तेही गेले, दोघेही वेगवेगळ्या कारणांनी. शोधायला गेलं की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: प्रेशर-ट्रीटेड लाकूड वापरा, तळ आयुष्यभर टिकेल. तो सल्ला अमेरिकेतल्या माणसाने अमेरिकेतल्या दुकानातलं लाकूड डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. आपल्याकडे तो तसाच उचलला की फसगत होते.

आधी एक बघा: तुमचं लाकूड खरंच ट्रीटेड आहे का?

दुसऱ्या खेपेला मी मुंबईकडच्या एका वखारीतून पाइनच्या फळ्या आणल्या. वखारवाला म्हणाला, “साहेब, ट्रीटेड माल आहे, शिक्का बघा.” शिक्का होताच. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाचा कोड आणि शेवटी ‘एचटी’. मी खूश. वर्षभराने त्याच फळ्यांत स्क्रूड्रायव्हर लोण्यात सुरी जावी तसा गेला.

‘एचटी’ म्हणजे हीट ट्रीटेड. परदेशातून यंत्रं ज्या खोक्यांतून आणि पॅलेटवरून येतात, त्या लाकडातून किडे देशोदेशी पसरू नयेत म्हणून ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवतात. एवढंच. किडा मेला, काम झालं. त्या लाकडात बुरशीला रोखणारं काहीही उरत नाही. पाणी लागलं की ते कोऱ्या पाइनसारखंच कुजतं. त्याच जागी ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. तेही किड्यांसाठीच, आणि असलं लाकूड झोपायच्या जागेत आणूच नये.

प्रेशर-ट्रीटेड ही वेगळी गोष्ट. लाकूड बंद सिलिंडरमध्ये ठेवतात, आधी हवा खेचून घेतात, मग औषधाचं द्रावण दाबाने आत घुसवतात. त्यातलं सर्वांत गाजलेलं औषध म्हणजे सीसीए, तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण, आणि ते शोधलं आपल्याच माणसाने. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये. जगभरच्या विजेच्या खांबांना ते लागलं आणि आपल्याकडे फळी विकणाऱ्यालाच त्याचं नाव ठाऊक नसतं, असो.

ओळखायचं कसं? फळीच्या टोकापासून हातभर आत कापा आणि ताजा काप बघा. तांब्याचं औषध असेल तर कडेने हिरवट पट्टा दिसतो, मधला भाग फिकट राहतो. पट्टा नखाएवढाही जाड नसेल तर औषध नुसतं फासलेलं आहे. कापच न दाखवणाऱ्या वखारीतून घेऊ नका. बोरॉनचं औषध (केरळातलं रबरवुड बहुधा त्यानेच ट्रीट केलेलं असतं) डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी हळदीचा अल्कोहोलमधला अर्क लावून वर आम्ल घालतात. बोरॉन असेल तर पिवळा रंग लाल होतो. घरी नुसती हळद लावून हे करायला जाऊ नका. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आपल्याला ठाऊकच आहे. साबणाचा अंश असला तरी ती लाल होईल आणि तुम्ही बोरॉन सापडलं म्हणून आनंदाल. तसंही बोरॉन पाण्यात विरघळून निघून जातं, त्यामुळे घरातल्या फर्निचरला ते उत्तम, पण चाकाचं पाणी झेलणाऱ्या तळाला नाही.

खरं ट्रीटेड घेतलं, तरी स्क्रू का सैल होतात?

तिसरा तळ मी हट्टाने खऱ्या सीसीए लाकडाचा केला. पाच इंची फळ्या, एकमेकींना घट्ट चिकटवून, पिवळ्या झिंकच्या सेल्फ-टॅपिंग स्क्रूने सांगाड्यावर आवळलेल्या. खालून चिखल लागू नये म्हणून अॅल्युमिनियमचा पत्रा. दिसायला देखणं काम. त्यात चार चुका होत्या.

एक, लाकूड ओलं होतं. ट्रीटमेंटमधून निघालेली फळी पाण्याने जड झालेली असते. औषध लाकडाला धरून बसायलाच दोन-तीन आठवडे लागतात आणि वाळायला त्याहून जास्त. आठ बाय चारच्या तळाला इंचभर जाडीचं ओलं लाकूड लावलं तर पंधराएक किलो नुसतं पाणी घेऊन घाट चढायचा. शिवाय ते उन्हाळ्यात आकसतं आणि स्क्रू ढिले पडतात.

दोन, फटी ठेवल्या नव्हत्या. जानेवारीत बारा टक्के ओल असलेली पाच इंची पाइनची फळी जुलैत वीस टक्क्यांवर गेली की रुंदीत दोन-अडीच मिलिमीटर फुगते. अशा आठ-दहा फळ्या एकमेकींना रेटतात. माझ्या फळ्या मधोमध उचलल्या गेल्या आणि स्क्रूंची डोकीच तुटली.

तीन, स्क्रू. औषधातलं तांबं ओल्या लाकडातून लोखंडाला आणि जस्ताला खातं. अमेरिकेत २००३ च्या अखेरीला घरगुती वापराच्या लाकडातून सीसीए बंद झालं आणि जास्त तांब्याची औषधं आली, तेव्हा तिकडेही खिळ्यांची हीच तक्रार सुरू झाली. म्हणून तिकडे हॉट-डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) किंवा स्टेनलेस सांगतात. समुद्रकाठी मी स्टेनलेसच सांगेन, आणि जमलं तर ३१६ नंबरच्या प्रतीचं. ३०४ वर खाऱ्या हवेत चहासारखे डाग पडतात. ताकद लगेच जात नाही, पण डाग आला की समजायचं. पिवळा झिंकचा स्क्रू इथे एका पावसाळ्याचा पाहुणा.

चार, तो अॅल्युमिनियमचा पत्रा. तांबं आणि अॅल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की अॅल्युमिनियमचा जीव जातो, त्यात मीठ मिळालं तर विचारूच नका. पत्रा काढला तेव्हा पांढऱ्या भुकटीखाली चाळणी झाली होती. पण त्या पत्र्याने याहून मोठं नुकसान केलं होतं.

खरा गुन्हेगार: पाणी येतं, पण जात नाही

हर्णै बंदरावर होड्या दुरुस्त करणारे एक सुतारकाका आहेत. त्यांना तिसरा तळ दाखवायला नेला. त्यांनी पत्रा उचकटला, फळीची खालची बाजू बोटाने खरवडली, हुंगली आणि म्हणाले, “वरून कुजलेलं नाय हे. खालून कुजलंय. तू लाकडाला पिशवीत घालून ठेवलंस.”

या वाक्यापाशी माझी तीन वर्षांची कोडी सुटली. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. पण जुलैत आपल्याकडे हवेची आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के असते आणि एवढ्या आर्द्रतेत पाण्याचा थेंबही न लागता लाकूड आपोआप अठरा-वीस टक्क्यांपर्यंत पोचतं. म्हणजे पावसाळाभर आपला तळ नुसत्या हवेनेच काठावर येऊन उभा असतो. वरून एक गळती, एक ओला टॉवेल, पत्र्याआड अडकलेला एक पेलाभर पाऊस, की तो पलीकडे. देशावरच्या ट्रेलरला ही सवलत असते की पाऊस थांबला की लाकूड वाळतं. इथे जून ते सप्टेंबर ते वाळतच नाही.

त्यात मीठ. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी चढवताना जेटीच्या उतारावरचं खारं पाणी चाकांवरून थेट तळाला लागतं. पाणी सुकलं तरी मीठ मागे राहतं, आणि हवेची आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतः हवेतलं पाणी ओढून पातळ होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं जे होतं तेच तळाचं. म्हणून खाऱ्या पाण्यातून गेलेला ट्रेलर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालूनही धुवायचा. ‘नंतर बघू’ म्हटलं की तो रात्रभर भिजत राहतो.

पाणी कुठून येतं हे शोधायला मी आता असं करतो. सगळं आतलं सामान बाहेर, तळ उघडा. दणकट स्क्रूड्रायव्हरने चार इंचांवर टोचत जायचं. मऊ जागा खडूने आखायच्या. मग त्या खुणांचा आकार बघायचा. दारापाशी मऊ असेल तर ओल्या चपला आणि उंबरठ्याची फट. चाकाच्या कमानीभोवती असेल तर खालचा उडणारा चिखल. कडेकडेने सलग पट्टा असेल तर भिंतीवरून ओघळणारं पाणी. मधोमध गादीखाली असेल तर पाऊस नव्हेच, तुम्हीच. दोन माणसं बंद खोलीत झोपली की रात्रभरात श्वास आणि घाम मिळून पाव-अर्धा लिटर पाणी सहज बाहेर पडतं आणि ते फोमच्या गादीखालच्या रबरी चटईआड जाऊन बसतं.

ओल मोजायचा मीटर असेल तर एक ध्यानात ठेवा: टोचणाऱ्या पिनांचा मीटर खारवलेल्या किंवा तांब्याच्या औषधाच्या लाकडात आकडा फुगवून दाखवतो. त्यामुळे आकडा एकटा वाचू नका. त्याच तळाची खात्रीने कोरडी जागा आणि संशयाची जागा यांतला फरक वाचा. साध्या लाकडाचा किंवा प्लायचा तुकडा असेल तर मीटरशिवायही जमतं. वजन करा, ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर ठेवून वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. १२० ग्रॅमचा तुकडा ९६ वर आला तर गेलेले २४ ग्रॅम भागिले ९६, म्हणजे पंचवीस टक्के. ट्रीटेड तुकडा मात्र स्वयंपाकाच्या ओव्हनात घालायचा नाही.

भिंतीचं पाणी

घरी बनवलेल्या बऱ्याच ट्रेलरना ही चूक असते. तळ आधी ठोकतात, मग भिंत तळावर उभी करतात. त्यामुळे तळाची कड भिंतीच्या बाहेर किंवा बरोबरीने येते. भिंतीवरून उतरलेला सगळा पाऊस प्लायच्या कापलेल्या कडेत शिरतो, जिथून लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं. पागोळ्या भिंतीच्या बाहेर पडाव्यात म्हणून आपण घराचं छप्पर दोन-तीन हात पुढे काढतो, आणि ट्रेलरला मात्र पागोळी थेट जोत्यात सोडतो!

उपाय सोपा आहे. बाहेरचा पत्रा तळाच्या कडेवरून खाली इंच-दीड इंच उतरवायचा आणि त्याची खालची किनार जराशी बाहेर वळवायची, म्हणजे पाणी तिथून टपकेल. पत्रा आणि तळ यांच्या मध्ये सिलिकॉन भरून बंद करू नका. वरून सीलबंद, खालून मोकळं. माझ्या ट्रेलरला एवढ्या एका गोष्टीने अर्धा फरक पडला.

चौथा तळ कसा केला

ट्रीटेड लाकूड मी सोडलं नाही, पण त्याची जागा बदलली. झोपायचा तळ आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक) च्या १८ मिलिमीटर मरीन प्लायचा एक अख्खा ताव, वजन तीस-पस्तीस किलो. या प्रतीच्या प्लायचा गोंद ७२ तास उकळून तपासतात. फक्त ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतात त्याच्या नादी लागू नका, छापील आयएस क्रमांक बघा. सीसीएच्या दीड इंची पट्ट्या फक्त खाली, सांगाड्याचा पाईप आणि प्लाय यांच्या मध्ये. त्यामुळे प्लाय लोखंडापासून उचललेला राहतो आणि खालून वारा फिरतो. पट्टी आणि पाईप यांच्या मध्ये रबराची पातळ पट्टी, म्हणजे तांबं थेट लोखंडाला लागत नाही. खाली पत्रा नाही, काहीही नाही. चिखल लागतो, लागू दे, पाइपाने धुता येतो. चाकांच्या कमानी मात्र मोठ्या केल्या आणि मागे लांब मडफ्लॅप.

प्लायच्या चारही कडांना इपॉक्सीचे (दोन भाग मिसळले की कडक होणारं रेझिन) तीन हात. होड्यांचं फायबरचं काम करणारे पॉलिएस्टर रेझिन स्वस्तात लावून देतात, पण ते लाकडाला नीट धरत नाही, दुसऱ्या वर्षी पापुद्र्यासारखं सुटतं. स्क्रूचं भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं, कडक झाल्यावर त्यातच बारीक भोक पाडून स्क्रू. कंटाळवाणं काम आहे, चाळीस-पन्नास भोकांना अख्खा दिवस जातो, पण पाणी स्क्रूच्या वाटेनेच आत उतरतं. सीसीएच्या पट्ट्यांची कापलेली टोकंही तशीच सोडू नका. औषध गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं. टोकाला तांब्याचं ब्रशने लावायचं औषध दोनदा मुरवायचं.

सुतारकाकांचा आग्रह काजूच्या टरफलाच्या तेलाचा होता, होड्यांना पिढ्यान्‌पिढ्या लावतात तसा. खालच्या पट्ट्यांना मी लावून बघितलं, बरं आहे. पण हात भाजतात, अक्षरशः फोड येतात, वास महिनाभर जात नाही आणि त्यावर दुसरा रंग धरत नाही. झोपायच्या खोलीत नको.

हे काम कधी करायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत. आपण सगळी डागडुजी आगोटीला, मेमध्ये करतो. तेव्हा हवा आधीच दमट झालेली असते आणि आपण ती ओल इपॉक्सीखाली कोंडून टाकतो.

पावसाळ्यात ट्रेलर उभा करताना पुढची बाजू चार बोटं उंच, चाकांखाली चिरे. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट आवळून बांधायची नाही. आत घाम धरतो. पडवीत जागा नसेल तर वर छप्पर आणि चारी बाजू मोकळ्या. गाद्या घरात.

उरलेले तुकडे

हे लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे लाकडाचा तुकडा उरला की तो बंबाखाली जातो. सीसीएचं लाकूड बंबात किंवा चुलीत घालायचं नाही. धुरातही आर्सेनिक असतं आणि राखेत तर जास्तच. ती राख भांड्यांना लागते, भाजीच्या वाफ्यात पडते. भुसा गोठ्यात पसरायचा नाही. कापताना मास्क, काम खळ्यात नको, खाली ताडपत्री अंथरून भुसा गोळा करा आणि जेवायच्या आधी हात साबणाने धुवा. ज्या तळावर पोरं रांगणार, सांडलेलं उचलून खाणार, तिथे ट्रीटेड लाकूड उघडं ठेवू नका. माझ्या उरलेल्या पट्ट्या विहिरीपासून लांब, कोरड्या जागी बांधून ठेवल्यात. मेस्त्री दर वेळी त्यांच्याकडे बघतो आणि म्हणतो, “फुकट जातंय हो चांगलं सरपण.”

चौथ्या तळाचा हा तिसरा पावसाळा. गेल्या आठवड्यात मीटर फिरवला. सगळीकडे सतरा-अठरा, दाराच्या डाव्या कोपऱ्यात चोवीस. खडूने आखलं आणि उकिडवा बसून बघत राहिलो. पाऊस तिथे पोचायची वाटच नव्हती. मग लक्षात आलं, भाचे मंडळी कर्द्याला पोहून आली की ओली बर्म्युडा तिथल्याच खुंटीला टांगतात. खुंटी आता ट्रेलरच्या बाहेर लावली आहे.